हार्डवेअरच्या जुन्या मॅन्युअलची फेरमांडणी कशी करावी

मॅन्युअलमधले वाक्य लिहिले त्या दिवशी बहुधा बरोबरच असते. पुढे बोर्ड बदलतो, ऑपरेटिंग सिस्टिम बदलते, आणि ते वाक्य कोणत्या बोर्डाविषयी होते याची नोंद कोठेच नसल्यामुळे तेच वाक्य वाचणाऱ्याची दिशाभूल करू लागते. म्हणून जुन्या तांत्रिक लेखनाची फेरमांडणी करताना भाषा सुधारणे किंवा पाने कमी करणे हे दुय्यम काम समजावे. प्रत्येक विधान कोणत्या बोर्डाला आणि कोणत्या सॉफ्टवेअरला लागू आहे हे पुन्हा निश्चित करणे हे मुख्य काम आहे.

उदाहरणासाठी सोलापुरातील अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत, चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागांवर बसवला जाणारा एक छोटा संच डोळ्यांसमोर ठेवू. मागाला लावलेल्या सेन्सरकडून तो संकेत घेतो, किती कापड विणले गेले याची नोंद ठेवतो आणि ती वायफायवरून कार्यालयातल्या संगणकाकडे पाठवतो. त्याच्या आत रास्पबेरी पाय हा बोर्ड, म्हणजे एकाच सर्किट बोर्डावर मावणारा छोटा संगणक, आहे. हा बोर्ड २०१२ साली बाजारात आला आणि त्यानंतर त्याची अनेक मॉडेल निघाली. त्यामुळे एकाच नावाच्या संचात, तो कोणत्या वर्षी बसवला त्यानुसार, वेगवेगळे बोर्ड सापडतात आणि मॅन्युअल मात्र एकच असते.

आधी सगळे एका जागी आणावे

सुरुवात लेखनाने करू नये. त्या उपकरणाविषयी जे जे लिहिले गेले आहे ते प्रथम एका फोल्डरमध्ये जमवावे: छापील पुस्तिकेची मूळ फाइल, पीडीएफच्या सर्व आवृत्त्या, जोडणीचे आराखडे, व्हॉट्सॲपवरून ग्राहकांना पाठवलेल्या सूचना आणि दुरुस्तीला जाणाऱ्या माणसाची डायरी. शेडमध्ये पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवलेल्या कागदांचे फोटोही अवश्य घ्यावेत. मॅन्युअलमध्ये जे सापडले नाही तेच माणसे तिथे हाताने लिहून ठेवतात, त्यामुळे मॅन्युअलमधली उणीव दाखवणारा याहून भरवशाचा पुरावा नाही. जमवलेल्या फोल्डरची एक प्रत बाजूला ठेवावी आणि तिला पुन्हा हात लावू नये.

विषयवार नोंदवही करावी

आता एक स्प्रेडशीट उघडावी आणि फाइलनिहाय नव्हे तर विषयनिहाय ओळी कराव्यात, कारण जुन्या मॅन्युअलमध्ये एकच विषय तीन ठिकाणी तीन प्रकारे सांगितलेला असतो. विषय, तो कोठे कोठे आला आहे, कोणत्या बोर्डाला लागू, कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमला लागू, शेवटची पडताळणी कधी झाली आणि ती कोणी केली, एवढे रकाने पुरतात. त्यातला बोर्डाचा रकाना भरताना सर्वांत जास्त वेळ जातो, आणि तो तितका द्यावाच.

कागदावर तारीख नसली तरी मजकुरातूनच त्याचे वय कळते. आराखड्यात २६ पिनांची पट्टी दाखवली असेल तर तो आराखडा मूळच्या बोर्डांचा आहे, कारण २०१४ मध्ये आलेल्या बी प्लस मॉडेलपासून ४० पिना आल्या. ऑपरेटिंग सिस्टिमला ‘रास्पबियन’ म्हटले असेल तर मजकूर बहुधा २०२० पूर्वीचा आहे, कारण त्या वर्षी तिचे नाव रास्पबेरी पाय ओएस झाले. ‘पाय’ हे ठरावीक युजरनेम आणि त्याचा ठरावीक पासवर्ड वापरून आत शिरण्याची सूचना असेल, तर एप्रिल २०२२ नंतरची ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने घातलेल्या एसडी कार्डावर ती चालणार नाही, कारण तेव्हापासून युजर सुरुवातीलाच स्वतः तयार करावा लागतो. वायफायचा पासवर्ड लिहिलेली फाइल कार्डाच्या बूट विभागात (बोर्ड सुरू होताना प्रथम वाचतो त्या भागात) टाकण्याची युक्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या बुकवर्म आवृत्तीपासून बंद झाली, आणि त्याच आवृत्तीत कॉन्फिग फाइलची जागाही बदलून बूट फोल्डरमधल्या फर्मवेअर फोल्डरात गेली. अशा खुणांची एक यादी आपल्या उपकरणापुरती आधीच करून ठेवली, तर नोंदवहीतल्या बहुतेक ओळी बोर्ड हातात न घेता भरता येतात.

मात्र वर्षाच्या अंदाजावर पूर्ण विसंबू नये. पहिल्या मॉडेल बी बोर्डाच्या पहिल्या आवृत्तीत १३ क्रमांकाच्या पिनेवर जीपीआयओ २१ (सॉफ्टवेअर संकेताची पिन ज्या क्रमांकाने ओळखते तो क्रमांक) होते, आणि सप्टेंबर २०१२ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत त्याच पिनेवर जीपीआयओ २७ आले. दोन्ही बोर्ड त्याच वर्षीचे आहेत आणि पाहताक्षणी सारखेच दिसतात. सेन्सर त्या पिनेला जोडलेला असेल, तर एका बोर्डावर अचूक असलेली सूचना दुसऱ्यावर काहीच मोजत नाही. म्हणून मॉडेलच्या नावासोबत आवृत्तीचा क्रमांकही नोंदवावा.

बोर्ड समोर ठेवून पडताळणी करावी

यापुढचा टप्पा टेबलावर बसून होत नाही. प्रत्येक मॉडेलचा एक बोर्ड, एक कोरे एसडी कार्ड आणि तोच सेन्सर घ्यावा आणि मॅन्युअलमधली प्रत्येक कृती शब्दशः करून पाहावी. ज्याने मॅन्युअल लिहिले त्याने हे करू नये. जाणकार माणूस न लिहिलेली पायरीही नकळत पुरी करतो, आणि नवख्याचे बोट नेमके तिथेच थांबते. जिथे तो थांबला ती जागा त्याच क्षणी नोंदवावी.

धोक्याच्या सूचना सर्वांत आधी तपासाव्यात. या बोर्डाच्या जीपीआयओ पिना ३.३ व्होल्टच्या आहेत आणि त्यांना ५ व्होल्टही सोसत नाहीत, तर कारखान्यातले प्रॉक्सिमिटी सेन्सर (जवळ आलेला भाग स्पर्शाविना ओळखणारे) बहुधा १२ किंवा २४ व्होल्टवर चालतात. मध्ये ऑप्टोकप्लर (संकेत प्रकाशातून पलीकडे देऊन दोन सर्किटे विजेच्या दृष्टीने वेगळी ठेवणारा भाग) घालण्याची सूचना जुन्या पुस्तिकेत परिशिष्टात कोठेतरी दडलेली असते. ती जोडणीच्या पानावर, पहिली वायर लावण्याच्या वाक्याआधी आली पाहिजे, आणि याबाबतीत कोणतीही तडजोड करू नये.

स्थानिक परिस्थितीचीही पडताळणी करावी. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, पत्र्याखालच्या शेडमध्ये उकाडा त्याहून अधिक असतो आणि कापसाचे तंतू हवा खेळण्याच्या जाळीत अडकतात. बोर्डाचा प्रोसेसर ८० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करू लागतो. त्यामुळे कार्यालयात बसवलेल्या संचावरून लिहिलेले ‘हवेशीर जागी ठेवावे’ हे वाक्य इथे अपुरे आहे. पेटी भिंतीवर कोणत्या उंचीवर लावावी, जाळी किती दिवसांनी पुसावी आणि प्रोसेसरचे तापमान कोठे वाचावे, हे शेडमध्ये प्रत्यक्ष मोजून लिहावे.

काय ठेवावे, काय वेगळे काढावे

पडताळणीनंतर प्रत्येक ओळीसमोर निर्णय लिहावा. एकाच विषयाचे तुकडे जोडावेत. कोणत्याच बोर्डाला लागू नसलेले पान काढून टाकावे. परंतु जुन्या बोर्डाला लागू असलेले पान कधीही पुसू नये, कारण तो बोर्ड एखाद्या शेडमध्ये आजही चालू असतो आणि त्याच्या मालकाला दुसरा आधार नसतो. असे पान जुन्या बोर्डांच्या विभागात हलवावे आणि त्याच्या माथ्यावर कोणत्या बोर्डासाठी हे पान आहे ते ठळकपणे लिहावे.

जोडणी वेगळी असेल तर पानेही वेगळी करावीत. ‘बोर्ड अमुक असेल तर असे, अन्यथा तसे’ अशा वाक्यांनी पाने कमी लागतात खरी, पण मागांच्या खडखडाटात उभ्या असलेल्या वायरमनला त्या वाक्यातला आपला भाग शोधून काढणे कठीण जाते. रास्पबेरी पाय ५ या मॉडेलच्या बाबतीत तर हे अपरिहार्यच आहे. त्यात पिनांचा कारभार आरपी १ या स्वतंत्र चिपकडे गेल्यामुळे, पिनांशी थेट बोलणारी जुनी पायथन लायब्ररी तिथे चालत नाही.

संख्या मात्र एकाच जागी ठेवाव्यात. पाय ३ ला मायक्रो यूएसबीतून २.५ अँपिअरचा, पाय ४ ला यूएसबी-सीमधून ३ अँपिअरचा आणि पाय ५ ला ५ अँपिअरचा पॉवर सप्लाय सुचवलेला आहे. हा तक्ता एका पानावर असावा आणि बाकीच्या पानांनी त्याकडे बोट दाखवावे. तोच आकडा पाच ठिकाणी छापला, तर पुढच्या बदलात त्यातला एक तरी तसाच राहून जातो.

उरलेल्या पानांची क्रमवारी वाचणाऱ्याच्या कामानुसार लावावी: बसवणे, सुरू करणे, नोंद दिसत नसल्यास तपासणे, कार्ड बदलणे. ‘हार्डवेअर’, ‘सॉफ्टवेअर’, ‘नेटवर्क’ असे विभाग तयार करणाऱ्याच्या सोयीचे असतात. आकडा दिसेनासा झालेल्या माणसाला दोष या तिन्हींपैकी कोठे आहे हे माहीत नसते.

भाषा आणि चित्रे

सोलापूरच्या मागशेडमध्ये मराठीइतकीच तेलुगू आणि कन्नडही बोलली जाते. आराखड्यांवर शब्द न लिहिता फक्त क्रमांक द्यावेत आणि क्रमांकांचा अर्थ खालच्या मजकुरात द्यावा, म्हणजे एकच चित्र तिन्ही भाषांत चालते. मराठी पाने पडताळून पक्की झाल्याशिवाय भाषांतर सुरू करू नये.

पुढे जुने होऊ नये म्हणून

फाइली गिटसारख्या प्रणालीत ठेवाव्यात, म्हणजे कोणते वाक्य कधी आणि का बदलले याचा माग राहतो. नव्या बोर्डाचा संच कारखान्यातून बाहेर पाठवण्याआधी जी तपासणी यादी भरली जाते, तिच्यातच ‘मॅन्युअलची पाने पडताळली’ ही ओळ घालावी आणि ती रिकामी असल्यास संच पाठवू नये.

पेटीवरच्या स्टिकरवर मॉडेल, आवृत्ती आणि क्यूआर कोड छापावा. त्या कोडातला पत्ता एखाद्या पीडीएफ फाइलचा नसावा, त्या मॉडेलच्या कायमच्या पानाचा असावा. आधी बसवलेल्या पेट्यांवर पुढच्या दुरुस्तीच्या फेरीत हे स्टिकर लावून घ्यावेत. आतला बोर्ड ओळखता आला नाही, तर ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॉक फोल्डरमधल्या सीपीयू-इन्फो फाइलमध्ये दिलेला रिव्हिजन कोड वाचून नोंदवहीत लिहावा आणि मगच स्टिकर निवडावा.