चार तास हवेत राहणारं पूरपाहणीचं मानवरहित विमान: मोजमापांसह बांधणी

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. मधल्या चार फुटांना जे तास लागतात, त्यात प्रयाग चिखली, आंबेवाडी या नदीकाठच्या गावांकडे पाणी कुठून शिरतंय हे सलग दिसायला हवं. क्वाडकॉप्टर इथे अपुरं पडतं, कारण त्याचं सगळं वजन मोटरींनाच सतत उचलून धरावं लागतं. अर्ध्या तासात बॅटरी संपते. पंखाच्या विमानात वजन पंख पेलतो, मोटरीला फक्त हवेचा विरोध मोडायचा असतो. साडेचार किलो वजनाचं, २.६ मीटर पंखविस्ताराचं, विजेवर चालणारं आणि चार तास घिरट्या घालणारं विमान कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या मदतीने बांधता येतं. त्याची आकडेवारी आणि क्रम पुढे आहे.

जास्त वेळ उडण्याची युक्ती नवी नाही. विमान अभियंता अब्राहम करेम यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसमधल्या आपल्या गॅरेजात 'अल्बाट्रॉस' हे मानवरहित विमान बांधलं. त्यातून 'अँबर', मग 'नॅट-७५०' आणि १९९४ साली पहिल्यांदा उडालेलं 'प्रेडेटर' आलं. लांब अरुंद पंख, छोटं इंजिन, कमी वेग हे सूत्र सगळीकडे तेच. २०२२ मध्ये ६४ दिवस हवेत राहिलेलं सौरऊर्जेवरचं 'झेफिर' २५ मीटर पंखांचं, पण वजन जेमतेम ७५ किलो. आपल्याकडे बेंगळुरूच्या एडीईने (डीआरडीओची विमान प्रयोगशाळा) बनवलेलं 'तपस' नोव्हेंबर २०१६ मध्ये चित्रदुर्गजवळ पहिल्यांदा उडालं; ३०,००० फुटांवर सलग २४ तास ही सैन्यदलांची अट मात्र त्याला पुरी करता आली नाही.

वजनाचा हिशेब कडक असतो. सपाट उड्डाणाला लागणारी शक्ती वजनाच्या दीडाव्या घाताने वाढते. म्हणजे वजन १० टक्के वाढलं तर शक्ती १५ टक्के जास्त लागते. म्हणून आधी वजनपत्रक लिहा, मग साहित्य आणा:

पंख, धड, शेपूट: १५५० ग्रॅम
मोटर, ईएससी (मोटरीचा वेग नियंत्रक), प्रोपेलर: ३०० ग्रॅम
ऑटोपायलट, जीपीएस, रेडिओ: २५० ग्रॅम
सर्व्हो (पंख-शेपटीच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि वायरिंग: २५० ग्रॅम
कॅमेरा: ३५० ग्रॅम
बॅटरी: १८०० ग्रॅम

बॅटरी एकूण वजनाच्या ४० टक्के. निव्वळ गणित सांगतं की बाकी विमानाच्या दुप्पट वजनाची बॅटरी घातली तर सर्वात जास्त वेळ मिळतो. पण ते वजन पेलायला पंख मजबूत करावा लागतो, तो जड होतो, आणि उतरण्याचा वेग वाढतो. ४० टक्क्यांवर थांबणं शहाणपणाचं.

आता पंख. क्षेत्रफळ ०.६ चौ. मी., मुळाशी कॉर्ड (पंखाची पुढून मागे रुंदी) २७० मिमी, टोकाशी १९०, प्रोफाइल (पंखाच्या छेदाचा आकार) एसडी ७०३७ (जाडी ९.२ टक्के), टोकाला २ अंशांचा वॉशआउट (पुढची कड किंचित खाली पिळलेली). कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे. १०० मीटर उंच उडताना ३० अंश तापमानाला हवेची घनता १.०८ किलो प्रति घनमीटरच्या आसपास असते. पुस्तकातली १.२२५ घेतली तर सगळी उत्तरं चुकतात. १.०८ घेऊन घिरट्यांचा वेग १३ मी./से. येतो आणि स्टॉल (ज्या वेगाखाली पंख विमान पेलू शकत नाही) १०.६ मी./से. ला. लिफ्ट-ड्रॅगचं (उचल आणि हवेचा विरोध यांचं) गुणोत्तर कॅमेऱ्यासकट १४ धरा. हवेत लागणारी शक्ती ४१ वॅट, मोटर-प्रोपेलरची कार्यक्षमता ६० टक्के धरून बॅटरीतून ६८, आणि इलेक्ट्रॉनिक्स-कॅमेऱ्याचे १० मिळून ७८ वॅट.

साच्यासाठी शिरोली किंवा उद्यमनगरातल्या पॅटर्न मेकरकडे जा. फाउंड्रीचे पॅटर्न करणाऱ्या माणसाला टेपर, पार्टिंग लाइन, फिनिश समजावून सांगावं लागत नाही. एक गोष्ट मात्र ड्रॉइंगवर मोठ्या अक्षरात लिहा: श्रिंकेज अलाउन्स (धातू आकसतो म्हणून दिलेली जादा लांबी) शून्य. बिडाच्या कास्टिंगसाठी साधारण १ टक्का वाढवून देण्याची त्यांची सवय असते. तसं झालं तर १३०० मिमीचा अर्धा पंख १३ मिमी लांब येतो आणि स्पार (पंखाचा आतला कणा), रिब (फासळ्या), हिंज काहीच जागेवर बसत नाही. एमडीएफचे (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचे) वरचा आणि खालचा असे दोन साचे सीएनसी राउटरवर काढा, टू-के (दोन घटकांचा) प्रायमर मारून १००० नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत घासा, मेणाचे सहा हात द्या, त्यावर पीव्हीए (पंख साच्यातून सुटावा म्हणून पातळ पडदा).

थर बाहेरून आत असे: दर चौ. मी. ८० ग्रॅमचं काचकापड, २ मिमी पीव्हीसी फोम, ५० ग्रॅमचं काचकापड. इपॉक्सी कापडाच्या वजनाइतकीच, वजनकाट्यावर मोजून. ब्रश जड हाताने चालला तर इथेच दीडशे ग्रॅम वाढतात. व्हॅक्यूम बॅगखाली रात्रभर ठेवा, नंतर प्लायवूडच्या खोक्यात दोन बल्ब आणि थर्मोस्टॅट लावून ५० अंशांवर आठ तास. पावडर कोटिंगची भट्टी यासाठी नको, ती १८० अंशांच्या पुढे चालते आणि एमडीएफ तडकतो. आणि हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका. जुलैच्या दमट हवेत इपॉक्सीवर चिकट मेणकट थर येतो. तो पाण्याने घासून धुतल्याशिवाय पुढचा थर किंवा चिकटवण धरत नाही, आणि पंख वरून धडधाकट दिसत असताना आत सुटलेला असतो.

स्पार म्हणून मुळाकडे २० मिमी बाहेरच्या आणि १८ मिमी आतल्या व्यासाची कार्बन नळी, टोकाकडे १२ मिमीची, कॉर्डच्या २८ ते ३० टक्क्यांवर. ४ जीच्या (वजनाच्या चौपट) भाराला मुळाशी सुमारे ४८ न्यूटन-मीटर वाकवणारा भार येतो. उडवण्याआधी जमिनीवर चाचणी घ्या: पंख उलटा करून धडाच्या बोल्टवर टेका आणि प्रत्येक बाजूचे चार समान भाग करून मुळापासून टोकाकडे २.२, २.०, १.६ आणि ०.९५ किलोच्या वाळूच्या पिशव्या ठेवा. पंखाचं स्वतःचं वजन यात वजा केलेलं आहे. एक मिनिट थांबा, पिशव्या काढा, टोक पूर्ववत आलं का ते पट्टीने मोजा. कुरकुर आवाज आला तर स्पार आणि कातडीचा जोड सुटतोय. तो पंख उडवू नका.

शेपटीसाठी धडाची लांबी अशी ठेवा की पंखापासून शेपटीपर्यंत १ मीटर अंतर मिळेल. आडवी शेपूट ०.०६९ चौ. मी., उभी ०.०४७. गुरुत्वमध्य सरासरी कॉर्डच्या पुढच्या कडेपासून ७ ते ७.५ सेंमी मागे. बॅटरी पुढे-मागे सरकवून तोल साधा. शिसं टाकावं लागलं तर आराखडा चुकला आहे.

बॅटरी २१७०० आकाराच्या ५ अँपिअर-तासांच्या लिथियम-आयन सेलची, ६ सिरीज ४ पॅरलल, म्हणजे २४ सेल, ४३२ वॅट-तास. ८० टक्के वापरले तर ३४५ वॅट-तास. भागिले ७८ म्हणजे ४ तास २५ मिनिटं. लिपो (लिथियम-पॉलिमर) इथे नको, तितक्याच वजनात ती बरीच कमी ऊर्जा देते. बनावट सेलचा बाजार मोठा आहे, म्हणून प्रत्येक सेल वजन करा (६८ ते ७० ग्रॅम) आणि १ अँपिअरने रिकामा करून क्षमता मोजा. ई-बाइकच्या बॅटऱ्या जोडणारे कारागीर स्पॉट वेल्डिंग छान करतात, पण पट्टी शुद्ध निकेलचीच मागा. निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवली की गंजते. ही परीक्षा घरी होते.

मोटर ४०० केव्हीच्या (दर व्होल्टला मिनिटाला ४०० फेरे) आसपास, प्रोपेलर १४ बाय १० इंचांचा, घडीचा. पूर्ण जोरावर सुमारे ५०० वॅट घेऊन दोन किलोचा रेटा मिळतो. तेव्हा प्रत्येक सेलवर ६ अँपिअरपर्यंत भार येतो, म्हणून सेल ७ अँपिअर सलग देणारा हवा. हातातून फेकायला साडेचार किलो जड आहे. रबरी दोरीने सोडा: १० मीटर ताणून १२ किलोपर्यंत ओढ, आणि दोरी सुटल्यावरच मोटर सुरू.

ऑटोपायलट पिक्सहॉक जातीचा (उड्डाण सांभाळणारा सर्किट बोर्ड), त्यावर आर्डूपायलट हे सॉफ्टवेअर. त्यात तीन गोष्टींकडे लक्ष द्या. पहिली, एअरस्पीड सेन्सर (हवेच्या तुलनेत वेग मोजणारा) लावाच. स्टॉल आणि घिरट्या यांच्यातलं अंतर जेमतेम अडीच मी./से. आहे, जीपीएसच्या वेगावर हे विमान चालवता येत नाही. दुसरी, झुकण्याची मर्यादा ३० अंश ठेवा. ४५ अंशांच्या वळणात स्टॉलचा वेग १२.६ वर जातो आणि विमान आतल्या पंखावर कोसळतं. १०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाला १० अंशही पुरतात. तिसरी, करंट सेन्सर. बाजारातले पॉवर मॉड्यूल ९० अँपिअरच्या मापाचे असतात आणि आपला प्रवाह ३.६ अँपिअर. शून्यात अर्ध्या अँपिअरची चूक असली तरी चार तासांत दोन अँपिअर-तासांहून जास्त फरक पडतो. प्रत्येक उड्डाणानंतर चार्जरने किती भरलं ते लिहा आणि त्यावरून सेन्सर दुरुस्त करा. परतीचा इशारा अँपिअर-तासांवर लावा. व्होल्टेज चढणीच्या वेळी खाली बसतं आणि विमान उगाच परत येतं. व्होल्टेजची शेवटची मर्यादा १९.२ व्होल्ट.

रेडिओचा बँड ८६६ मेगाहर्ट्झचा घ्या. भारतात ८६५ ते ८६८ विनापरवाना खुला आहे. परदेशी दुकानांतून येणारे ९१५ चे सेट इथे वापरायचे नाहीत.

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २ ते २५ किलो हा 'लहान' वर्ग. नोंदणी, टाइप सर्टिफिकेट (त्या मॉडेलची मान्यता) आणि रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. मान्यताप्राप्त शैक्षणिक संस्था, मान्यताप्राप्त स्टार्टअप आणि जीएसटी क्रमांक असलेले उत्पादक यांना संशोधनासाठी सूट आहे, पण सरकारी ड्रोन नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात (जिथे उडवायला आधी परवानगी लागत नाही) आणि स्वतःच्या ताब्यातल्या जागेवरच. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत, विमानतळापासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत. उजळाईवाडी विमानतळामुळे गोकुळ शिरगावात चाचणी नकोच. कसबा बावडा, शिरोलीही २०० फुटांच्या पट्ट्यात येतात, चिखली बाहेर पडते. उडवायच्या सकाळी नकाशा पुन्हा पाहा. विमान कायम नजरेच्या टप्प्यात ठेवा. पुराच्या दिवसांत बचावाची हेलिकॉप्टर खालून उडतात, तेव्हा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा होकार मिळाल्याशिवाय दोरी ताणूसुद्धा नका.

चाचणी डिसेंबर ते मार्चमध्ये, ऊसतोडणी झालेल्या शेतात. उभ्या उसात पडलेलं विमान दहा पावलांवरून दिसत नाही, म्हणून आत बझर हवा. तोडलेल्या शेतात पाचट असतं. बॅटरी फुटली तर ते क्षणात पेटतं. आधी जागेवरचं पाचट गोळा करा, पाण्याचा टँकर नाहीतर किमान दोन ड्रम जवळ ठेवा. उच्चदाब तारा आणि गुऱ्हाळाचं धुराडं कुठे आहे ते आधी चालत जाऊन पाहा.

पहिली उड्डाणं कॅमेऱ्याशिवाय, अर्ध्या बॅटरीवर. ऑटोट्यून (ऑटोपायलटने आपली सेटिंग स्वतः बसवणं) झालं की पूर्ण वजनाने शक्तीचा आलेख काढा: सकाळी सहा ते आठ, हवा शांत असताना, एकाच उंचीवर १२ पासून १८ मी./से. पर्यंत प्रत्येक वेगाला पाच मिनिटं, आणि सरासरी वॅट लिहा. नऊनंतर उन्हाचे थर्मल (वर चढणारे गरम हवेचे झोत) विमानाला उचलतात आणि आकडे खोटे येतात. १३ ला ९० वॅटच्या वर आकडा आला तर मोटरीला दोष देऊ नका. हिंजच्या फटी टेपने बुजवा, बाहेर लोंबणारी वायर आत घ्या, कॅमेऱ्याच्या खाचेची कड गोल करा, मग पुन्हा मोजा. बहुतेक वॅट इथेच सापडतात.

पाहणीसाठी २४ मेगापिक्सेलचा, एपीएस-सी आकाराच्या सेन्सरचा कॅमेरा आणि २० मिमी लेन्स: १०० मीटरवरून एक पिक्सेल साधारण २ सेंमी, फोटोची रुंदी ११७ मीटर. पुढचा ओव्हरलॅप (शेजारच्या फोटोंतला सामाईक भाग) ७५ टक्के, बाजूचा ६५. शटर वेळेवर न लावता अंतरावर लावा, नाहीतर वाऱ्यामागे जाताना फोटो विरळ पडतात. वारा ६ मी./से. च्या वर असेल तर नकाशा सोडून फक्त घिरट्या घाला, कारण विमान तिरकं सरकतं आणि फोटो फिरतात. वाहत्या पाण्यात जुळणारे बिंदू सापडत नाहीत, फोटो जोडणारं सॉफ्टवेअर तिथे भोक पाडतं. प्रत्येक ओळीत दोन्ही काठांची जमीन, झाडं किंवा छपरं यायलाच हवीत.

पावसाळ्यात बरीच विमानं पिटो नळीमुळे (एअरस्पीड सेन्सरची पुढे तोंड असलेली नळी) जातात. नळीच्या तोंडाशी एक थेंब अडकला की वेग कमी दिसतो आणि ऑटोपायलट नाक खाली दाबतो. नळी किंचित खाली झुकवा, मधल्या रबरी नळीत पाणी साठायला खोलगट वळण ठेवा, आणि उडण्याआधी तोंडाने हलकी फुंकर मारून पडद्यावर आकडा वाढतो का ते बघा. पाऊस सुरू असताना उडू नका. उघडीप मिळाली तरच. घार पाठीमागे लागली तर थ्रॉटल देऊन वर जा, घार सहसा वरून झडप घालते.

उतरल्यावर धडाचं झाकण उघडून पंख्यासमोर तासभर वाळवा, कनेक्टरवर हिरवट डाग दिसले तर ते बदला. बॅटरी पूर्ण भरून ठेवू नका. पुढचं उड्डाण बऱ्याच दिवसांनी असेल तर प्रत्येक सेल ३.७ ते ३.८ व्होल्टवर आणून मातीच्या कुंडीत किंवा लोखंडी डब्यात, घरातल्या माणसांपासून वेगळ्या खोलीत ठेवा.