जुनी गिटार घेताय? सॅडल मोजल्याशिवाय हो म्हणू नका

वापरलेली अकूस्टिक गिटार बघायला गेलं की विकणारा ती हातात देतो आणि म्हणतो, ‘वाजवून बघा.’ लगेच वाजवू नका. एकदा आवाज आवडला की दोष दिसत असूनही आपण त्यांना माफ करायला लागतो. आधी बघा, मग मोजा आणि शेवटी वाजवा. मोजायचं मुख्य म्हणजे सॅडल, बॉडीकडच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात ती बारीक उभी पट्टी.

सोबत ६० सेंटीमीटरची सरळ स्टीलची पट्टी, मिलिमीटरच्या खुणांची छोटी पट्टी, कॅपो (नेकवर सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा), टॉर्च, हातात मावेल असा आरसा आणि फोनमध्ये ट्यूनर एवढं न्या.

गिटार पूर्ण सुरात लावून घ्या. अर्धा-एक स्वर उतरवून ठेवलेली गिटार बोटांना मऊ लागते आणि तेवढ्यावर माणूस फसतो. १२ गेजच्या (सर्वांत बारीक तार ०.०१२ इंच जाड) स्टीलच्या तारांचा एकूण ताण ७० किलोच्या आसपास असतो. तो ताण चढल्यावरच नेक (गिटारचा लांब दांडा) आणि ब्रिज (बॉडीवर तारा अडकवायचा लाकडी तुकडा, यातच सॅडल बसवलेलं असतं) खरे कसे आहेत ते कळतं. ‘सुरात लावली तर तार तुटेल’ असं कोणी म्हणालं, तर नव्या तारा घेऊन परत या, पण सैल तारांवर सौदा करू नका.

मग नेकचा बाक बघा. पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) कॅपो लावा, नेक जिथे बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर सहावी, म्हणजे सर्वांत जाड, तार दाबा आणि सहाव्या-सातव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट राहते ते पाहा. पाव मिलिमीटरच्या आसपास फट ठीक. जास्त असेल तर ट्रस रॉडने (नेकच्या आतली धातूची सळई) कमी होते, पण रॉड फिरतो का, हे विकणाऱ्यालाच तुमच्यासमोर फिरवून दाखवायला सांगा. प्रत्येक गिटारमध्ये असा रॉड असतोच असंही नाही. मार्टिन कंपनीने फिरवता येणारा रॉड १९८५ मध्ये बसवायला सुरुवात केली, त्याआधीच्या त्यांच्या गिटारमध्ये तो शोधत बसू नका.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो, ते.

‘ॲक्शन वर आहे? ट्रस रॉड फिरवला की झालं.’ हा सल्ला मी इतक्या वेळा ऐकलाय की आता ऐकवत नाही. ॲक्शन म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची. ट्रस रॉड फक्त नेकचा बाक बदलतो. नेक बॉडीला ज्या कोनात जोडलेला आहे, तो कोन रॉडने बदलत नाही. तारांच्या ओढीने वर्षानुवर्षं टॉप (बॉडीची समोरची लाकडी फळी) ब्रिजमागे थोडा फुगतो, नेक किंचित पुढे झुकतो आणि तारा फ्रेटबोर्डपासून वर जातात. यावर खरा उपाय एकच, नेक काढून त्याचा कोन नव्याने बसवणं, म्हणजे नेक रीसेट. सरस लावलेला सांधा वाफेने सोडवून, लाकूड तासून, परत बसवावा लागतो. साध्या गिटारच्या बाबतीत हे काम गिटारपेक्षा महाग पडतं.

मी यात फसलो ते ॲक्शन वर होती म्हणून नाही, छान खाली होती म्हणून. बाराव्या फ्रेटवर बरोबर अडीच मिलिमीटर. हात सहज फिरत होता, मी खूश. आवाज जरा दबका वाटला, तो मी जुन्या तारांच्या नावावर टाकला. काही महिन्यांत तारा वर यायला लागल्या. कारागिराकडे नेली, तर त्याने ब्रिजकडे बोट दाखवलं. सॅडल जवळजवळ ब्रिजच्या पातळीपर्यंत घासलेलं होतं. आधीच्या मालकाने नेकचा दोष सॅडल घासून लपवला होता आणि आणखी घासायला काही शिल्लकच नव्हतं. दबक्या आवाजाचं कारणही तेच. सॅडलवरून तारा पुरेशा कोनात खाली वळत नसल्या तर त्यांचा दाब टॉपपर्यंत नीट पोचत नाही.

म्हणून ॲक्शन आणि सॅडल नेहमी जोडीने मोजा. बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेखाली साधारण अडीच मिलिमीटर आणि पहिल्या तारेखाली दोनच्या आसपास हवेत. ब्रिजच्या वर सॅडल किमान तीन मिलिमीटर दिसायला हवं. हिशेब सोपा आहे. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर येतो, त्यामुळे सॅडल एक मिलिमीटर घासलं तर तिथली ॲक्शन अर्धाच मिलिमीटर उतरते. ॲक्शन चार असेल आणि अडीचवर आणायची असेल, तर सॅडल तीन मिलिमीटर उतरवावं लागेल. दिसतंय दोनच मिलिमीटर? मग ‘सेटअप (बारीकसारीक जुळवणी) केलं की होईल’ हे वाक्य खोटं आहे, बोलणारा कितीही भला असो.

खात्रीसाठी स्टीलची पट्टी तिसऱ्या-चौथ्या तारेच्या मधून फ्रेटवर सपाट ठेवा आणि ब्रिजपर्यंत न्या. टोक ब्रिजच्या माथ्याला टेकलं किंवा जरासं वरून गेलं तर नेक चांगला आहे. माथ्याच्या खाली, ब्रिजच्या समोरच्या कडेवर आपटलं तर रीसेट आज ना उद्या येणारच. ही चाचणी बाक ठीक असतानाच खरी ठरते, म्हणून बाक आधी बघायला सांगितलं. बोल्टने जोडलेल्या नेकचं काम त्यामानाने सोपं असतं. टेलर कंपनीने १९९९ पासून आणलेल्या सांध्यात तर पातळ पट्ट्या बदलून कोन दुरुस्त होतो. नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारला हे आकडे लावू नका, तिथे ॲक्शन मुळातच जास्त असते.

ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून बघा, आत शिरला तर ब्रिज उचलला जातोय. टॉपवर हलका फुगवटा चालतो, पण साउंडहोलजवळ टॉप आत दबलेला असेल तर जपून. आरसा आणि टॉर्च घेऊन टॉपला आधार देणाऱ्या आतल्या लाकडी पट्ट्या बघा आणि बाहेरून बोटाने टकटक करा. कुठे खडखड वाजलं तर तिथली पट्टी सुटली असण्याची शक्यता आहे. चीर दिसली तर तिच्या दोन्ही बाजूंना हलकेच दाबा. कडा वेगवेगळ्या हलल्या तर ती अजून उघडी आहे.

मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसता बोटाचा स्पर्श करून काढलेला स्वर) आणि दाबलेला स्वर ट्यूनरवर जुळायला हवेत. ट्यूनिंगच्या खुंट्या फिरवा, पिकअप (आवाज ॲम्प्लिफायरला पोचवणारी सोय) असेल तर लावून ऐका.

घरी आणल्यावर नव्या तारा चढवा, बाराव्या फ्रेटची ॲक्शन आणि सॅडलची उंची मोजून तारखेसह लिहून ठेवा. वर्षाने त्याच ऋतूत पुन्हा मोजा, कारण हवेतला ओलावा बदलला की ॲक्शन थोडी वरखाली होतेच.