गायक-नृत्यदिग्दर्शकाने पडता काळ कसा सांभाळावा

मराठवाड्यात गाणे आणि नृत्यदिग्दर्शन यांवर पोट असणाऱ्याचे उत्पन्न गणेशोत्सव, नवरात्र, शाळांची स्नेहसंमेलने आणि लग्नसराई यांभोवतीच फिरते. आषाढात हाती सुपारी (कार्यक्रमाचे ठरलेले काम) नसते आणि दुष्काळी वर्षी लातूर-बीडकडच्या मंडळांची वर्गणीच आटते. म्हणून सुपारी घेतानाच इसार किती आणि कार्यक्रम रद्द झाल्यास त्याचे काय, हे कागदावर लिहून घ्यावे. (ओळखीच्या माणसाकडून तर आधी, पैसे तिथेच अडकतात.)

गाणे गाजले की कलावंत हुरळून करार न वाचताच सही करतो, आणि उतरती कळा लागल्यावर त्याच्या हाती काहीच उरत नाही. गीत किंवा चाल स्वतःची असेल, तर कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने दिलेला रॉयल्टीचा हक्क वसूल करण्यासाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे सभासद व्हावे. नृत्यरचनेलाही १९५७ चा हाच कायदा नाट्यकृती म्हणून संरक्षण देतो, मात्र ती लेखी वा अन्य स्वरूपात टिपून ठेवलेली असावी लागते. तेव्हा रचनेचे तारखेसह लेखी टाचण करावे आणि जोडीला तालमीचे चित्रीकरणही जपावे. डिसेंबरच्या स्नेहसंमेलनांचे बोलणे नांदेड-परभणीतील शाळांशी जूनमध्येच सुरू करावे.