आई-बाबांच्या हातात मोबाईल देताय? मग या चुका टाळा

बेळगावच्या शहापुरात माझं मोबाईल रिपेरिंगचं छोटं दुकान आहे. पूर्वी फुटलेली स्क्रीन नाहीतर पाण्यात पडलेला फोन यायचा, आता सकाळी शटर वर केलं की कोणतरी आज्जी नाहीतर रिटायर झालेले मास्तर पिशवीत फोन घालून पायरीवर बसलेलेच असतात, आणि दहातल्या आठ वेळा फोनला काहीच झालेलं नसतं. चुका त्याच त्याच. रोज तेच बोलून घसा बसालाय म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हाताऱ्या माणसांची नाहीच, पोरांची आहे. पुण्याहून बेंगळूरहून पोरगं दोन दिवसांसाठी येतं, नवीन फोन आणतं, "द्या इकडं बाबा, मी करतो" म्हणून दहा मिनिटांत सगळं सेट करतं आणि रविवारी रात्रीची बस धरतं. ईमेल कुठलं घातलं, पासवर्ड काय, रिकव्हरीला नंबर कुणाचा, बाबांना काय पत्ता नाही.

दिवाळीनंतर येळ्ळूरचे एक आण्णा आले. स्क्रीनचा पॅटर्न विसरले होते, तर गल्लीतल्या एका हुशार पोरानं बाजूची बटणं दाबून फोन रिसेट मारून दिला. रिसेट मारला की फोन सुटला असं वाटतंय लोकांना. सुटत नाही ओ! अँड्रॉइड फोन असा बाहेरनं रिसेट केला की आधीचं गूगल अकाउंट मागतो, चोरीचा फोन चोराला वापरता येऊ नये म्हणून ती सोय आहे. आण्णा म्हणाले, "माझं कसलं ईमेल? मी कधी काढलंच नाही की." पोराला फोन लावला तर तो मीटिंगमध्ये. संध्याकाळी कळलं की अकाउंट त्याच्या जुन्या नंबरवर काढलेलं, आणि तो नंबर कधीच बंद झालाय. चार दिवस गेले, शेवटी त्याच्या जुन्या लॅपटॉपमध्ये पासवर्ड सेव्ह केलेला सापडला. फोन उघडला, पण आतले काकूंचे फोटो गेले ते गेलेच. काकू आदल्या वर्षी वारल्या होत्या. बाबांचा डेटा संपतोय म्हणून बॅकअप पोरानंच बंद करून ठेवलेला. निपाणीच्या बहिणीला आण्णांनी व्हॉट्सअपवर अकरा फोटो पाठवले होते तेवढे परत मिळाले. एक वॉलपेपरला लावून दिला. किती झाले म्हणून विचारत होते, काय घेणार ओ त्यांच्याकडनं.

तेव्हापासनं माझी सवय झालीय, फोन विकतानाच एक छोटी वही देतो. ईमेल, पासवर्ड, रिकव्हरीचा नंबर, सगळं गिऱ्हाईकाच्याच हातानं लिहून घेतो आणि वही कपाटात दागिन्यांच्या डब्याजवळ ठेवा म्हणतो. पासवर्ड कागदावर लिहू नये म्हणणारे लई आहेत, त्यांनी एकदा माझ्या दुकानात सोमवारी सकाळी येऊन बसावं. यूपीआयचा पिन मात्र वहीत नाही म्हणजे नाही. आपलं ईमेल कुठलं ते बघायचं असेल तर प्ले स्टोअर उघडून वर उजवीकडच्या गोलावर दाबा. गूगल फोटोजमध्येही तसंच गोलावर दाबलं की बॅकअप चालू आहे की बंद ते दिसतं.

आणि शिकवताना फोन त्यांच्या हातातनं काढून घेऊ नका. बोट त्यांचं, तोंड तुमचं. वेळ लागतो, लागू दे. तुम्हाला सायकल शिकवताना ते किती गल्ल्या पळालेत आठवा जरा.

आता पिनचं. पैसे यायला पिन लागत नाही, पिन घातला की पैसे जातात. हे मी भिंतीवर लिहून लावलंय तरी वडगावची एक मावशी फोन कानाला लावूनच दुकानात आली, "सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2000 अडकलेत म्हणालाय, पिन कुठं घालायचा तेवढं सांग की बाळा." मी फोन घेतला तर पलीकडचा मलाच झापायला लागला, "आप बीच में मत बोलिए." नशीब, मावशीला पिन घालायची जागाच सापडली नव्हती.

आपल्याकडं अजून एक घोळ आहे. बँकेचा मेसेज येतो इंग्रजीत, सरकारी मेसेज कन्नडमध्ये. बोलायला कन्नड येतं, वाचायला येत नाही. मग बसस्टॉपवर शेजारच्या कुणालाही "हे काय आलंय बघा ओ" म्हणून फोन देतात, त्यात ओटीपी पण असतो! मेसेजवर बोट दाबून धरा, कॉपी करा, गूगल ट्रान्सलेटमध्ये टाका, मराठीत दिसतं. दोन दिवस प्रॅक्टिस केली की जमतं.

पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच 1930 ला फोन लावा, सायबर फसवणुकीसाठीच आहे तो नंबर. पोरं रागावतील म्हणून दोन दिवस गप्प बसलेले लोक बघितलेत मी, तोवर पैसे चार खाती फिरून गेलेले असतात.

बाकीच्या पटापट सांगतो. लग्नपत्रिका फोटोत नाहीतर पीडीएफमध्ये येते, इन्स्टॉल करायला सांगणारी एपीके फाईल म्हणजे पत्रिका नव्हे. डिजिटल अरेस्ट, म्हणजे व्हिडिओ कॉलवर अटक, असलं कायद्यात काही नाही, व्हिडिओ कॉलवर पोलीस दिसला तर सरळ कट करा. कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका, पासबुकावर नाहीतर कार्डच्या मागं असतो. व्हॉट्सअपचा सहा आकडी कोड सख्ख्या भावानं मागितला तरी द्यायचा नाही, भावाचं अकाउंट आधीच गेलेलं असू शकतं. फोन स्लो झाला म्हणून क्लीनर अ‍ॅप घालू नका, व्हॉट्सअपच्या सेटिंगमध्ये मॅनेज स्टोरेज आहे, तिथनं गुड मॉर्निंगची फुलं काढा. टायपिंग जमत नसेल तर कीबोर्डवरचा माईक दाबून मराठीत बोला, पण पाठवायच्या आधी एकदा वाचा. एका मास्तरांनी न वाचता वाढदिवसाच्या फोटोखाली भावपूर्ण श्रद्धांजली टाकली होती.

आणि फेसबुक, इन्स्टा, यूट्यूब चॅनेल सगळं आजच काढून द्या म्हणणाऱ्या काकांनो, आठवड्याला एकच. मी दुसरं काढून देत नाही.