मॉनिटर बर्डीवर नेण्याआधी या चुका टाळा

मे महिन्यातली दुपार. रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि फोन वाजतो. नागपुरातल्या मानेवाड्याचे काकाजी. "अरे, मॉनिटर गेला वाटते. घडीघडी काळा होऊन राहिला. ऊन उतरलं की बर्डीवर नेतो." बर्डी म्हणजे सीताबर्डी, तिथल्या दुकानात. मी म्हटलं, "काकाजी, नेऊ नका. आधी एक सांगा, तो काळा होतो तेव्हा कूलर चालू-बंद केलेला असतो काय?" पलीकडे शांतता. मग खटका दाबल्याचा आवाज, पुन्हा एकदा खटका. मग, "अरे हो बाप्पा!"

नातेवाइकांचे आणि कॉलनीतल्या लोकांचे कॉम्प्युटर बघून देणं हा काही माझा धंदा नाही. चहा-पोह्यांवर चाललेला उद्योग म्हणा. पण त्यातून एक गोष्ट पक्की कळली. 'मॉनिटर खराब झाला' म्हणून जो दाखवतात, तो बिचारा बहुतेक वेळा धडधाकट असतो. घोळ केबलमध्ये असतो, सेटिंगमध्ये असतो, नाहीतर तो जिथे ठेवलाय त्या जागेत असतो. आणि नागपुरात जागेची चूक जरा जास्तच महागात पडते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

कूलर, खिडकी आणि आपला उन्हाळा

मॉनिटरसोबत येणारं पुस्तक कोणी वाचत नाही. वाचलं तर त्यात साधारण असं लिहिलेलं सापडेल की हे यंत्र ० ते ४० अंश तापमानात वापरावं. आता आपल्याकडे मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या घरात असतो. वरच्या मजल्यावरची, थेट स्लॅबखालची खोली दुपारी बंद असेल तर आतही चाळिशी सहज ओलांडते. म्हणून मॉनिटर लगेच जळत नाही, पण आतल्या कपॅसिटरचं आणि बॅकलाइटचं (स्क्रीनमागच्या दिव्यांचं) आयुष्य उष्णतेनेच कमी होतं. मागच्या बाजूला ज्या फटी असतात त्या हवेसाठी असतात. मॉनिटर भिंतीला चिकटवून ठेवला, किंवा वरून भरतकामाचं कव्हर टाकलं आणि ते चालू असतानाही तसंच राहू दिलं, तर ती हवा कोंडते. कव्हर जरूर टाका, धूळ कमी बसते, पण बंद करून थंड झाल्यावर. भिंतीपासून चार बोटं नव्हे, वीतभर अंतर ठेवा.

आता उकाड्यावर उपाय म्हणून लोक काय करतात? कूलर थेट टेबलासमोर लावतात. ही त्याहून मोठी चूक. कूलरची हवा दमट असते, आणि ताट्यांना (कूलरच्या बाजूच्या गवती पडद्यांना) पाणी जास्त सुटलं की तो बारीक थेंबही फेकतो. बोअरचं जड पाणी असेल तर स्क्रीनवर पांढरे ठिपके वाळतात. ठिपके पुसता येतात. पण एखादा थेंब ओघळत खालच्या पट्टीत शिरला, तर आतल्या जोडण्या गंजतात आणि मग उभ्या रेघा येतात, त्याला औषध नाही. हवा तुमच्या अंगावर बाजूने यावी, स्क्रीनवर समोरून नको.

याच कारणासाठी, पुसताना फवारा कधीच थेट स्क्रीनवर मारू नका. काचा पुसायचं निळं द्रावणही नको, त्यात अमोनिया असेल तर स्क्रीनवरचा लेप खराब होतो. मऊ मायक्रोफायबरचं फडकं, त्यावर थोडं डिस्टिल्ड वॉटर (इन्व्हर्टरसाठी घरात असतंच), मॉनिटर बंद करून, न दाबता. वर्तमानपत्राने आरसा चकचकीत होतो म्हणून मॉनिटरही होईल असं समजणारे लोक मी पाहिलेत. होत नाही, ओरखडे पडतात.

काकाजींचा मॉनिटर काळा का होत होता, तेही सांगून टाकतो. कूलरची मोटर चालू किंवा बंद होताना लाइनमध्ये क्षणभराचा झटका येतो आणि आजूबाजूला विद्युतचुंबकीय गडबड होते. त्यांची एचडीएमआय केबल (कॉम्प्युटरचं चित्र मॉनिटरकडे नेणारी) होती लांबलचक आणि स्वस्तातली, आवरण नावापुरतं. ती गडबड केबल उचलते, सिग्नल तुटतो, मॉनिटर एकदोन सेकंद काळा होऊन परत जोडला जातो. कूलर दुसऱ्या बोर्डावर लावला, केबल दीड मीटरची चांगली घेतली, विषय संपला. ऐकायला विचित्र वाटेल, पण गॅसवर वरखाली होणाऱ्या खुर्चीवरून उठल्या-बसल्यानेही हाच प्रकार होऊ शकतो, स्थिर विजेमुळे. तेव्हा मॉनिटरला भूत लागलं असं समजण्याआधी केबल बदलून बघा.

कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येत असतील तर मात्र हसण्यावारी नेऊ नका. अर्थिंग नाही, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जुगाडावर चाललाय. अशा घरात चालू मशिनला एचडीएमआय लावताना-काढताना पोर्ट उडू शकतो. इलेक्ट्रिशियनला बोलवा. स्टॅबिलायझरची मात्र मॉनिटरला सहसा गरज नसते, कारण बहुतेकांचा पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो. तुमच्या मॉनिटरच्या किंवा त्याच्या अ‍ॅडॉप्टरच्या चिठ्ठीवर ते छापलेलं असतं.

यूपीएसचा एक नमुनाही नेहमी दिसतो. कॅबिनेट यूपीएसवर, मॉनिटर थेट लाइनवर. का, तर 'बॅकअप जास्त मिळते.' लाइट जातो, कॉम्प्युटर चालू राहतो, स्क्रीन काळी. आता फाइल सेव्ह कशी करणार, आठवणीने? २४ इंची एलईडी मॉनिटर जेमतेम २०-३० वॅट खातो. त्याला यूपीएसवरच ठेवा.

खिडकीचं सोपं आहे. ती तुमच्या पाठीशी नको, कारण मग स्क्रीनमध्ये खिडकीच दिसते. मॉनिटरच्या मागेही नको, कारण मग डोळ्यांवर उजेडाचा मारा होतो. बाजूला हवी. पश्चिमेची खिडकी असेल तर चारनंतर जाड पडदा लागतोच. लोक पडदा लावत नाहीत, ब्राइटनेस १०० वर नेतात, आणि रात्रीही तो तिथेच ठेवून डोळे चुरचुरतात म्हणून थेंब आणतात. एक साधी कसोटी आहे. पांढरा कागद स्क्रीनच्या शेजारी धरा आणि स्क्रीनवर पांढरं पान उघडा. स्क्रीन ट्यूबलाइटसारखी झळाळत असेल तर ब्राइटनेस कमी करा, कागदापेक्षा मळकट दिसत असेल तर वाढवा. दुपारी आणि रात्री आकडा वेगळा येईल, यायलाच हवा.

मान दुखते ती खुर्चीमुळेच असं नाही

पूर्वी आडवं कॅबिनेट टेबलावर आणि त्यावर डबा मॉनिटर, अशी पद्धत होती. डबा गेला, सवय राहिली. काही घरांत अजून मॉनिटर फळीवर इतका उंच असतो की सिनेमागृहात पहिल्या रांगेत बसल्यासारखी मान होते. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली असावी, अंतर हातभर, म्हणजे साधारण ५० ते ७० सेंटिमीटर, आणि स्क्रीन किंचित मागे कललेली. मॉनिटर फार खाली असेल तर स्टँड विकत आणायलाच हवा असं नाही. आमच्याकडे जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा ते काम बिनतक्रार करतो.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असणारे लोक खालच्या भिंगातून वाचतात. त्यांच्यासाठी मॉनिटर 'नियमाप्रमाणे' उंच ठेवला की ते हनुवटी वर करून बघतात आणि मानेचा पट्टा लावायची वेळ येते. त्यांचा मॉनिटर चांगला खाली घ्या आणि जास्त मागे कलवा. निवृत्त माणसाच्या टेबलावर तरुण मुलाने प्रेमाने उंच स्टँड बसवून देणं ही मी पाहिलेली सगळ्यात निरागस चूक आहे.

मिहानमधल्या कंपनीचं काम घरून करणारी माझी भाची लॅपटॉप समोर आणि मोठा मॉनिटर उजवीकडे तिरपा ठेवायची. दिवसभर बघायची मात्र मोठ्याकडेच. ज्याच्याकडे जास्त बघता तो नाकासमोर ठेवा. दोन्हीकडे सारखंच बघत असाल तर दोघांमधला सांधा नाकासमोर आणा.

केबलचे घोळ

पोरांनी पैसे साठवून ग्राफिक्स कार्ड घेतलेलं असतं, मशीन जोडलेलं असतं, आणि स्क्रीनवर 'नो सिग्नल'. कॅबिनेटच्या मागे बघा. वरच्या भागात उभ्या पट्टीत यूएसबीच्या शेजारी जो एचडीएमआय असतो तो मदरबोर्डचा. खाली आडव्या पट्टीत असतात ते ग्राफिक्स कार्डचे. केबल खाली लागली पाहिजे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतं त्यांत स्वतःचं ग्राफिक्स नसतंच, त्यामुळे वरच्या पोर्टातून काहीच दिसत नाही. हे बरं म्हणायचं, कारण चूक लगेच कळते. ज्यांच्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असतं त्यांना वर लावूनही चित्र दिसतं. ते महिनोन्‌महिने गेम अडखळतो म्हणून कार्डाला शिव्या देत बसतात.

दुसरा घोळ १४४ हर्ट्झवाल्यांचा, म्हणजे ज्यांचा मॉनिटर सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलू शकतो त्यांचा. मॉनिटर लावला की विंडोज तो बरेचदा ६० वरच चालवतं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, मग अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथे रिफ्रेश रेट स्वतः निवडावा लागतो. तिथे १४४ दिसतच नसेल तर केबल किंवा पोर्ट जुना आहे, डिस्प्लेपोर्टची केबल लावून बघा. ४के मॉनिटरचंही तेच. एचडीएमआय १.४ वर ४के फक्त ३० हर्ट्झने मिळतं आणि माउसचा बाण लंगडत चालतो, ६० साठी २.० लागतं.

जुनी निळी व्हीजीए केबल अजून कित्येक कार्यालयांत आहे. हे मानक १९८७ चं, अ‍ॅनालॉग. चित्र एका बाजूला सरकलेलं किंवा अक्षरं पिसारलेली दिसली तर मॉनिटरवरचं 'ऑटो' बटण दाबा. कन्व्हर्टर घेताना दिशा बघून घ्या. व्हीजीएतून एचडीएमआयमध्ये जाणारा उलटा लावून चालत नाही, आणि दुकानदार ते प्रत्येक वेळी विचारेलच असं नाही.

अक्षरं मोठी करायची म्हणून रिझोल्यूशन कमी करणं, हे तर घरोघरी. १९२० बाय १०८० च्या मॉनिटरवर १३६६ बाय ७६८ लावलं की सगळं मोठं होतं खरं, पण पुसट. मग चष्म्याचा नंबर वाढला असं वाटतं. रिझोल्यूशन जिथे 'शिफारस केलेलं' लिहिलंय तिथेच ठेवा आणि त्याच पानावर स्केल १२५ किंवा १५० टक्के करा. अक्षरं मोठीही होतील आणि रेखीवही राहतील. उलट, नको ते रिझोल्यूशन निवडून स्क्रीन काळी झाली तर घाबरून बटणं बडवू नका. १५ सेकंद हात जोडून बसा, विंडोज आपणहून मागे फिरतं.

एचडीएमआयवर काळा रंग राखाडी दिसत असेल, तर कॉम्प्युटर टीव्हीसाठीचे मर्यादित रंग पाठवतोय. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये रेंज 'फुल' करा. टीव्हीच मॉनिटर म्हणून वापरत असाल आणि टास्कबार कडेने कापला जात असेल, तर टीव्हीतला ओव्हरस्कॅन (चित्र थोडं मोठं करून कडा कापणारं सेटिंग) बंद करा.

दोष नक्की कोणाचा

चित्रात रेघा किंवा डाग दिसतात, तर ते मॉनिटरचे की कॉम्प्युटरचे, हे पैसे न घालवता कळतं. स्क्रीनशॉट काढा आणि मोबाइलवर पाठवा. रेघा मोबाइलवरही दिसल्या तर मॉनिटर निर्दोष आहे, ग्राफिक्स किंवा ड्रायव्हर बघा. दुसरी परीक्षा: सिग्नलची केबल काढून फक्त वीज चालू ठेवा. मॉनिटर स्वतःचा 'नो सिग्नल' स्वच्छ दाखवतो, त्याचा मेनू नीट उघडतो, म्हणजे पॅनल (चित्र दाखवणारा भाग) बरं आहे. त्या मेनूवरच रेघा असतील तर दुखणं त्याचंच.

पंखे फिरतात पण चित्र नाही, असं असेल तर क्रमाने जा. मॉनिटरवर योग्य इनपुट निवडलंय का, केबलची दोन्ही टोकं घट्ट आहेत का. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा, ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने चालू होतो. विंडोज आणि पी दाबून चित्र 'फक्त दुसऱ्या स्क्रीनवर' तर गेलं नाही ना, तेही बघा. शेवटी रॅम. उन्हाळ्यात गावाला जाऊन आल्यावर बंद पडलेली मशीनं रॅम काढून, तिची सोनेरी टोकं खोडरबराने हलके पुसून परत बसवली की चालू झालेली मी कितीतरी पाहिली. वीज काढून, अर्थातच.

आणि दोष खरंच पॅनलचा निघाला, तर बर्डीवर न्या. नेताना मूळ खोका आणि थर्माकोल असेल तर उत्तम. नसेल तर स्क्रीनवर पुठ्ठा लावून, उभा धरून न्या. स्कूटरवर मागे बसलेल्याने पोटाशी धरला की बोटं बरोबर पॅनलच्या मधोमध दाबतात आणि घरून निघताना नसलेला डाग दुकानात पोहोचेपर्यंत तयार होतो. कारने गेलात तर मॉनिटर आत ठेवून काच लावून रसवंतीवर थांबू नका. अ‍ॅडॉप्टर बाहेरचा असेल तर तोही सोबत घ्या. काकाजी दोन वर्षांपूर्वी तो घरीच विसरले होते आणि दुपारी दीड वाजता मानेवाड्याला परत गेले होते.