सोसायटीचं जीमेल थंडरबर्डमध्ये बसवताना

एप्रिलात आमच्या त्रिमूर्तीनगरच्या सोसायटीचं सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलं. सोबत मिळालं काय, तर दोन फायली, टाकीच्या खोलीची किल्ली आणि जीमेलचा पासवर्ड. पहिल्याच आठवड्यात लिफ्टवाल्याला सोसायटीचं उत्तर माझ्या खाजगी मेलवरून गेलं. एकाच ब्राउझरात दोन खाती उघडी ठेवली की हे होतंच. शिवाय भर दुपारी लाइट गेली की राउटर बंद, आणि जुनं पत्र नेमकं तेव्हाच कोणाला तरी हवं असतं. म्हणून लॅपटॉपवर थंडरबर्ड टाकलं, म्हणजे मेल लॅपटॉपवरच उतरवून ठेवणारा प्रोग्राम. फुकट आहे. थंडरबर्ड डॉट नेट इथूनच उतरवा, भलतीकडून नको.

पण त्याआधी एक काम. खात्याचा रिकव्हरी नंबर कोणाचा आहे ते पाहा. मी पाहिला नव्हता. कूलरसमोर बसून पासवर्ड टाकला आणि कोड गेला जुन्या सेक्रेटरीकाकांच्या फोनवर. ते आता मुलाकडे पुण्याला असतात. दोन मिनिटांत त्यांचाच फोन, "काय करून राहिला बावा? कोडावर कोड येऊन राहिले इथं!" कोड त्यांनी सांगितला, आणि मी आधी गूगल खात्याच्या सिक्युरिटीच्या पानावर जाऊन नंबर बदलला. मगच पुढे.

थंडरबर्ड पहिल्यांदा उघडलं की नाव आणि मेलचा पत्ता विचारतं. नावाच्या चौकटीत तुम्ही लिहाल तेच समोरच्याला दिसतं, तेव्हा तिथं सोसायटीचं नाव लिहा, स्वतःचं नाही. जीमेलची बाकी माहिती ते आपणच शोधून काढतं. तरी एकदा नजर टाका. येणाऱ्या मेलसाठी आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ९९३. जाणाऱ्यासाठी एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ४६५ किंवा ५८७. पडताळणीच्या जागी 'ओऑथ२' हवं, म्हणजे पासवर्ड थंडरबर्डला नाही, थेट गूगललाच द्यायचा. मग गूगलची खिडकी उघडते, तिथं तो टाकायचा आणि परवानगीचं बटण दाबायचं. खिडकी कोरीच राहिली किंवा पुन्हा पुन्हा लॉगिनच मागत असेल, तर थंडरबर्डच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये कुकीज बंद असतील, त्या चालू करा. सोळा अक्षरी अ‍ॅप पासवर्डच्या भानगडीत इथं पडायची गरज नाही. ओऑथ न समजणाऱ्या जुन्या प्रोग्रामसाठी तो असतो.

मेल आणायच्या दोन पद्धती असतात, आयमॅप आणि पॉप. कोणती, हे विचारलं तर आयमॅप घ्या. पॉप म्हणजे पत्रांची नुसती झेरॉक्स घरी आणणं. आयमॅपमध्ये लॅपटॉप आणि फोन दोन्हीकडे एकच पेटी दिसते. आणि हेच मला नीट उमगलं नव्हतं. लॅपटॉपवरची जागा मोकळी करावी म्हणून मी जुन्या सभांचे सगळे मेल उडवले. संध्याकाळी फोनवर बघतो, तिथूनही गायब! नशीब, जीमेलच्या 'बिन'मध्ये उडवलेले मेल ३० दिवस राहतात. एकेक करून परत आणले.

जागा वाचवायची खरी युक्ती वेगळी आहे. जीमेल इनबॉक्समधला प्रत्येक मेल 'ऑल मेल'मध्येही दाखवतं, त्यामुळे थंडरबर्ड तोच मेल दोनदा उतरवून घेतं. ब्राउझरात जीमेलच्या सेटिंग्जमध्ये लेबल्सच्या पानावर 'ऑल मेल'समोरची 'शो इन आयमॅप'ची खूण काढून टाका. मात्र इनबॉक्समधून आर्काइव्ह केलेली, म्हणजे न उडवता बाजूला काढलेली पत्रं फक्त 'ऑल मेल'मध्येच असतात. तसं करायची सवय असेल तर खूण राहू द्या.

पहिल्यांदा सगळे मेल उतरायला वेळ लागतो. आमच्याकडे गळक्या गच्चीचेच फोटो इतके, की रात्रभर लॅपटॉप चालू ठेवला. सकाळी राउटर बंद करून एक जुना मेल जोडलेल्या फोटोंसकट उघडून पाहिला. उघडला.

माझं खाजगी खातंही मग तिथंच जोडलं. उत्तर ज्या खात्यावर पत्र आलं त्याच खात्यावरून जातं. नवीन पत्र लिहिताना मात्र वरची 'फ्रॉम'ची ओळ बघायची सवय लावावी लागली.

महिन्याच्या शेवटी मदतीच्या मेनूतून ट्रबलशूटिंगच्या पानावर जातो, तिथून प्रोफाइल फोल्डर उघडतो, थंडरबर्ड बंद करतो आणि ते अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतो. त्या फोल्डरमध्ये मेलबरोबर लॉगिनही साठलेलं असतं. म्हणून पेनड्राइव्ह कपाटात कुलपात. टाकीची किल्ली तेवढी वॉचमनच्या खोलीतल्या खिळ्याला लटकते, ती अख्ख्या सोसायटीला माहीत आहे.