पाच वर्षांआधी पीएफ काढताय? आधी हा हिशोब करा

"पैसे माझेच आहेत नं मावशी, मग कर कायचा?" २०१८ साली माझ्या भाच्याने मला हे विचारलं, तेव्हा पैसे काढून झाले होते. नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कंपनीत तीन वर्षं काढली, ती सोडली, आणि गाडीच्या हप्त्यासाठी पीएफचे ९२,००० रुपये काढायला अर्ज टाकला. खात्याला पॅन जोडलेला नव्हता. त्या वेळच्या नियमाने ३४.६०८ टक्के टीडीएस (कराची आगाऊ कपात) कापला गेला, म्हणजे जवळपास ३१,८०० रुपये. त्याचं वर्षाचं उत्पन्न इतकं कमी होतं की रिटर्न भरलं असतं तर यातली बहुतेक रक्कम परत आली असती. "मला कुठं टॅक्स लागतो" म्हणून त्याने ते भरलंच नाही. मी हिशोबाचंच काम करते आणि घरातल्या पोराला वेळेवर सांगू शकले नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

हिंगणा, बुटीबोरी, मिहान इथे खासगी नोकरी करणाऱ्या आणि ती बदलणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. कोळसा खाणीतल्या कामगारांचा निधी १९४८ च्या वेगळ्या कायद्याखाली चालतो आणि जुन्या सरकारी नोकरांचा जीपीएफ वेगळा असतो, त्यांनी हे नियम जसेच्या तसे लावू नयेत. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा प्राप्तिकर कायदा जाऊन २०२५ चा लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. म्हणून कलमांच्या आकड्यांत न शिरता कामाचं तेवढं सांगते.

पायरी १: पाच वर्षं नीट मोजा

सलग पाच वर्षं नोकरी झाल्यावर काढलेला पीएफ करमुक्त असतो. त्याआधी काढला तर कर लागतो. गोंधळ होतो तो "सलग" या शब्दाचा. ही पाच वर्षं एकाच कंपनीतली असायला हवीत असं नाही. आधीच्या कंपनीतला पीएफ नव्या खात्यात ट्रान्सफर केला असेल, तर तिथली नोकरीही मोजली जाते. हिंगण्यात तीन वर्षं आणि पुण्यात सव्वादोन वर्षं झाली, मधे पैसे काढले नाहीत, ट्रान्सफर केले, तर तुमची पाच वर्षं पूर्ण झाली. ट्रान्सफर न करता जुनं खातं तसंच पडू दिलं तर हा जोड मिळत नाही.

यूएएनने (नोकरी बदलली तरी तोच राहणारा तुमचा पीएफ क्रमांक) ईपीएफओच्या, म्हणजे भविष्य निधी संघटनेच्या, पोर्टलवर लॉगिन करा आणि सर्व्हिस हिस्टरी उघडा. प्रत्येक कंपनीची रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख पाहा. सोडल्याची तारीख कोरी असेल तर आधी ती भरून घ्या, नाहीतर पुढचं सगळं अडतं.

अपवाद आहेत. आजारपणामुळे नोकरी संपली, कंपनीच बंद पडली किंवा तुमच्या हातात नसलेल्या कारणाने नोकरी गेली, तर पाच वर्षं झाली नसली तरी कर लागत नाही. स्वतः दिलेला राजीनामा यात बसत नाही. त्यामुळे कंपनी बंद होताना "सगळे राजीनामा लिहून द्या" असं कोणी म्हटलं तर सही करण्याआधी थांबा. कागदावर कारण काय लिहिलं जातं, त्यावर तुमचा कर ठरतो.

पायरी २: काढायचा की ट्रान्सफर करायचा

माझं मत स्पष्ट आहे: नवी नोकरी लागली असेल तर ट्रान्सफर करा. ट्रान्सफरवर कर नाही, टीडीएस नाही, नोकरीची वर्षं जोडली जातात आणि व्याज चालू राहतं. २०२४-२५ साठी हे व्याज ८.२५ टक्के होतं.

नवी नोकरी नसेल आणि घर चालवायचं असेल तर गोष्ट वेगळी. पूर्वी दोन महिने बेकार राहिल्यावर सगळी रक्कम काढता यायची. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ठरवलं की ७५ टक्के रक्कम लगेच मिळावी आणि पूर्ण हिशोब बारा महिन्यांनी व्हावा. क्लेम टाकताना पोर्टलवर तुमच्यासाठी कोणता पर्याय खुला आहे ते बघूनच पुढे जा. गरजेपुरतंच काढलंत तर बरं.

पायरी ३: रकमेचे चार भाग करा

बहुतेकांची चूक इथेच होते. पासबुकात एक मोठा आकडा दिसतो आणि कर सगळ्यावर लागेल असं वाटतं. त्या आकड्यात चार वेगवेगळे पैसे असतात: तुम्ही भरलेले, त्यावरचं व्याज, कंपनीने भरलेले आणि त्यावरचं व्याज. चौघांचा हिशोब वेगळा.

उदाहरण घेऊ. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २०,००० रुपये, नोकरी साडेतीन वर्षं, म्हणजे ४२ महिने. तुमचे १२ टक्के म्हणजे महिन्याला २,४००, एकूण १,००,८००. कंपनीही २,४०० भरते, पण त्यातले १,२५० पेन्शन योजनेत जातात. पीएफमध्ये १,१५० येतात, एकूण ४८,३००. तुमच्या भागावरचं व्याज साधारण १५,००० आणि कंपनीच्या भागावरचं ७,००० धरा. पासबुकात दिसतील १,७१,१०० रुपये.

कंपनीचा भाग आणि त्यावरचं व्याज, ४८,३०० अधिक ७,०००, हे पगाराचं उत्पन्न धरलं जातं. तुमच्या भागावरचं १५,००० व्याज "इतर उत्पन्न" म्हणून जातं. तुम्ही स्वतः भरलेल्या १,००,८०० वर पुन्हा कर लागत नाही. अट एकच: त्या वर्षांत तुम्ही ८०सी खाली (जुन्या कायद्यातलं बचतीवरच्या वजावटीचं कलम) त्याची वजावट घेतलेली नसावी. घेतली असेल तर ती परत जाते आणि कर त्या त्या वर्षाच्या हिशोबाने पाहिला जातो, म्हणून जुनी रिटर्न काढून ठेवा. नव्या करप्रणालीत ८०सी नाहीच. ज्यांनी सगळी वर्षं नवी प्रणाली घेतली, त्यांचा हा भाग सुटला.

म्हणजे १,७१,१०० पैकी करपात्र उरले ७०,३००.

आता हे ७०,३०० कोणत्या वर्षी हातात येतात, त्यावर सगळं फिरतं. तीन माणसं घेऊ, तिघंही नव्या प्रणालीत.

पहिल्याचा त्या वर्षीचा पगार ५ लाख. पीएफ मिळवून ५,७०,३००, त्यातून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की ४,९५,३००. बारा लाखांपर्यंत कर शून्य, त्यामुळे याला एक रुपयाही लागत नाही.

दुसरी पुण्याला चांगल्या नोकरीवर गेली, पगार साडेबारा लाख. वजावटीनंतर ११,७५,०००, म्हणजे कर शून्य. तिने त्याच वर्षी जुना पीएफ काढला आणि उत्पन्न १२,४५,३०० झालं. बारा लाखांची रेषा ओलांडली की सूट जाते. सीमांत सवलत (रेषेच्या वरच्या रकमेपेक्षा जास्त कर न लावण्याची सोय) मिळूनही बारा लाखांच्या वरचे ४५,३०० पूर्णच्या पूर्ण करात जातात, वर चार टक्के उपकर. भरायचे ४७,११२. करपात्र पीएफ ७०,३०० आणि त्यापायी कर ४७,११२! ट्रान्सफर केला असता तर यातलं काहीच लागलं नसतं. पगार बारा लाखांच्या आसपास असेल तर हा हिशोब दोनदा करून बघा.

तिसरा ३० टक्क्यांच्या टप्प्यात. त्याला ७०,३०० वर उपकरासह २१,९३४.

पायरी ४: पॅन जोडा, टीडीएस समजून घ्या

पाच वर्षं झाली नसतील आणि रक्कम ५०,००० किंवा जास्त असेल तर टीडीएस कापला जातो. पॅन जोडलेला असेल तर १० टक्के. नसेल तर २० टक्के. माझ्या भाच्याला लागलेला ३४.६०८ चा दर एप्रिल २०२३ पासून गेला. वरच्या उदाहरणात सगळ्या रकमेवर कापला तर १० टक्क्यांनी १७,११०, २० टक्क्यांनी ३४,२२०. म्हणून क्लेम टाकण्याआधी केवायसीत पॅन मंजूर दिसतो का ते पाहा. पॅन आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर आधी दुरुस्ती. नागपुरातल्या रघुजी नगरच्या भविष्य निधी कार्यालयात चकरा मारण्यापेक्षा हे घरी बसून आधीच केलेलं बरं.

वर्षाच्या एकूण उत्पन्नावर कर शून्य येणार असेल तर तसं घोषणापत्र देऊन टीडीएस थांबवता येतो. आजवर आपण त्याला १५जी म्हणत आलो, ६० वर्षांवरच्यांसाठी १५एच. हे खरं असेल तरच द्या. खोटं घोषणापत्र हा गुन्हा आहे, आणि "सगळेच देतात" हे कोणी ऐकून घेत नाही.

टीडीएस म्हणजे कर नव्हे, कराची आगाऊ कपात. ४९,००० काढले म्हणून टीडीएस कापला गेला नाही, तरी कर लागू असेल तर तो भरावाच लागतो. तिसऱ्या माणसाचे १७,११० कापले गेले, उरलेले ४,८२४ त्याने स्वतः भरायचे आहेत. टीडीएस वजा जाऊन वर्षाचा कर १०,००० किंवा जास्त उरत असेल तर तो हप्त्यांनी आगाऊ भरावा लागतो, नाहीतर महिन्याला एक टक्का व्याज चढतं.

पायरी ५: घरातली बाकीची खाती

मोठ्या पगाराचे लोक स्वेच्छेने जास्त पीएफ भरतात. एप्रिल २०२१ पासून वर्षाला अडीच लाखांच्या वर भरलेल्या स्वतःच्या रकमेचं व्याज करपात्र आहे. जिथे मालक काही भरत नाही, जसं जीपीएफ, तिथे ही मर्यादा पाच लाख.

बाबा निवृत्त झाले आणि पीएफ तसाच ठेवला असेल तर मूळ रक्कम करमुक्तच, पण नोकरी संपल्यानंतर जमलेलं व्याज करपात्र आहे. हे अनेक घरांत माहीतच नसतं.

पीपीएफमध्ये कर नाही, पण पंधरा वर्षांआधी खातं बंद करणं सोपंही नाही. पाच वर्षं झाल्यावर उपचार किंवा उच्च शिक्षणासारख्या कारणाने बंद करता येतं, पण व्याजदर एक टक्क्याने कमी धरला जातो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एक वर्षाच्या आत खातं मोडलं तर व्याज मिळत नाही, दुसऱ्या वर्षात मोडलं तर मुद्दलातून दीड टक्का कापला जातो, त्यानंतर एक टक्का. एनपीएसमधून (राष्ट्रीय पेन्शन योजना) साठीला एकरकमी काढताना एकूण निधीच्या ६० टक्क्यांपर्यंतची रक्कम करमुक्त. वार्षिकीची पेन्शन दर वर्षी उत्पन्नात धरली जाते.

पायरी ६: रिटर्न भराच

प्राप्तिकर पोर्टलवर एआयएस आणि २६एएस (तुमच्या उत्पन्नाची आणि कापलेल्या कराची विभागाकडची नोंद) उघडून पीएफवरचा टीडीएस दिसतो का ते तपासा. पगार फॉर्म १६ मधून घेता येतो, पण पीएफची रक्कम त्यात नसते, ती तुम्हीच भरायची. जुन्या पीएफचा पैसा नव्या कंपनीला माहीत नसतो. विभागाला मात्र तो पॅनवरून दिसतो. कमी उत्पन्न दाखवलं तर बुडवलेल्या कराच्या ५० टक्के दंड, जाणूनबुजून चुकीचं दाखवलं तर २०० टक्के. देशभरातले प्राप्तिकर अधिकारी आपल्या छिंदवाडा रोडवरच्या प्रत्यक्ष कर अकादमीत शिकून जातात, पण ही नोटीस येते ती संगणकाने दोन आकडे ताडून पाहिल्यावर.

पहिल्या माणसाचे १७,११० रिटर्न भरल्याशिवाय परत येणार नाहीत. मुदत चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं. शुल्क उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर १,०००, वर असेल तर ५,०००. त्यानंतर भरता येणाऱ्या अद्ययावत रिटर्नमध्ये परतावा मागता येत नाही. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत आधार ओटीपीने ई-पडताळणी करा आणि परताव्यासाठी दिलेलं बँक खातं पोर्टलवर आधी प्रमाणित करून ठेवा. जुन्या कंपनीने उघडून दिलेलं पगार खातं बंद पडलं असेल तर ते देऊ नका, परतावा तिथे जमा होत नाही.